बाटल्या भरणाऱ्या छोट्या यंत्रासाठी परवडणारा पीएलसी निवडताना

तुमच्या प्रश्नावरून मला परिस्थिती समजली ती अशी. ५०० मिलिलिटरच्या बाटल्या भरणारे तुमचे यंत्र सध्या रिले आणि टायमरवर चालते आणि मिनिटाला साधारण १० बाटल्या भरते. त्यावर ८ सेन्सर, ५ सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या कॉइलने उघडणारे), व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) चालणारी कन्व्हेयरची मोटर आणि टाकीतला द्रव कोमट ठेवणारा हीटर आहे. पुढेमागे वेळेच्या हिशेबाने भरण्याऐवजी फ्लो मीटरने मोजून भरण्याचा तुमचा विचार आहे. हे सगळे कमीत कमी खर्चात करायचे असेल तर कोणत्या कंपनीचा पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) घ्यावा, की आर्डुइनोवर (छोट्या, स्वस्त संगणक-बोर्डावर) भागेल, असे तुम्ही विचारले आहे.

कंपनीचे नाव मी शेवटी घेणार आहे, कारण इतक्या लहान यंत्राचा तर्क बाजारातला जवळजवळ प्रत्येक पीएलसी आरामात चालवतो. प्रोग्रॅमची क्षमता, एका सूचनेला लागणारे मायक्रोसेकंद, मेमरी, या गोष्टी माहितीपत्रकात ठळक छापलेल्या असल्या तरी तुमच्या निर्णयाशी त्यांचा फारसा संबंध नाही. खरे प्रश्न दोन आहेत. पीएलसीच्या टर्मिनलवर नेमक्या किती आणि कोणत्या जातीच्या तारा येणार, हा पहिला. आणि यंत्र तीन-चार वर्षांनी बंद पडेल तेव्हा तो प्रोग्रॅम कोण आणि कशाने उघडणार, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे मिळाली की निवड बहुतेक आपोआप दोन-तीन मॉडेलांवर येऊन थांबते.

आधी मोजणी करू. तुम्ही ८ सेन्सर म्हणता, पण इनपुट (पीएलसीला माहिती देणाऱ्या तारा) आठ होत नाहीत. सुरू, बंद आणि रीसेट ही ३ बटणे, ऑटो-मॅन्युअलचा १ सिलेक्टर, सेफ्टी रिलेची (इमर्जन्सी स्टॉपला पुरवठा तोडणाऱ्या वेगळ्या रिलेची) स्थिती सांगणारा १ संपर्क आणि व्हीएफडीच्या फॉल्टचा १ संपर्क धरला की बेरीज १४ वर जाते. फ्लो मीटरचा १ आणि तापमानाच्या अलार्मचा १ मिळवला की १६ होतात. आउटपुटचेही (पीएलसी ज्यांना चालवतो त्या तारांचेही) तसेच आहे: ५ व्हॉल्व्ह, व्हीएफडीला चालू करण्याचा १, हीटरचा १, टॉवर लॅम्पच्या तीन रंगांचे ३ आणि बझरचा १, म्हणजे एकूण ११. यावर मी नेहमी किमान पाचवा हिस्सा मोकळा ठेवतो, कारण यंत्र चालू झाल्यावर पहिल्याच महिन्यात कोणीतरी ‘बाटली आडवी पडली तर थांबायला हवे’ असे सांगत येतो आणि त्यासाठी एक सेन्सर वाढतो. म्हणून तुमची गरज सुमारे २० इनपुट आणि १४ आउटपुट अशी धरा. ८ इनपुट आणि ६ आउटपुटचा सर्वांत लहान पीएलसी घेऊन त्याला दोन-तीन एक्स्पान्शन मॉड्यूल जोडण्यापेक्षा २४ इनपुट आणि १६ आउटपुट असलेला एकसंध पीएलसी बहुतेक वेळा स्वस्त पडतो, जागाही कमी घेतो.

आता आउटपुट कोणत्या जातीचे हवेत ते पाहू. पैसे वाचवण्याच्या नादात सर्वाधिक नुकसान येथेच होते. जवळजवळ प्रत्येक मॉडेल रिले आउटपुट आणि ट्रान्झिस्टर आउटपुट अशा दोन प्रकारांत मिळते, किंमत सारखीच असते आणि मॉडेल क्रमांकात एखाद्या अक्षराचा फरक असतो. रिले आउटपुट कोणताही व्होल्टेज जोडू देतो म्हणून दुकानदार तोच सुचवतात. तुमच्या यंत्राचा हिशेब मात्र वेगळा आहे. भरण्याचा व्हॉल्व्ह मिनिटाला १० वेळा, म्हणजे तासाला ६०० वेळा आणि आठ तासांच्या पाळीत ४,८०० वेळा उघडतो. पीएलसीतल्या लहान रिलेचे विद्युत आयुष्य पूर्ण भारावर साधारण १ लाख वेळांच्या आसपास दिलेले असते. या दराने १ लाख हा आकडा २१ दिवसांत गाठला जातो. तुमचा व्हॉल्व्ह पूर्ण भार घेत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात रिले याच्या कितीतरी पट टिकेल हे खरे. पण सोलेनॉइडची कॉइल बंद होताना जो व्होल्टेजचा झटका मारते, तो संपर्क जाळत राहतो. शिवाय हा रिले पीएलसीच्या बोर्डावर सोल्डर केलेला असतो, तो चिकटला की बदलायला सोपा नसतो. ट्रान्झिस्टर आउटपुटमध्ये हलणारा भागच नाही. ५ वॅटचा व्हॉल्व्ह २४ व्होल्टवर सुमारे ०.२ अँपिअर घेतो आणि ट्रान्झिस्टर आउटपुट बहुधा ०.३ ते ०.५ अँपिअरचा असतो, तेव्हा तो निर्धास्त चालेल. प्रत्येक कॉइलवर उलट्या दिशेने एक डायोड मात्र हवा. डायोड बसवलेले व्हॉल्व्हचे कनेक्टरही मिळतात. जेथे एसी कॉइलचा मोठा कॉन्टॅक्टर (जास्त करंटचा, रिलेसारखा स्विच) ओढायचा आहे, तेथे मध्ये एक सॉकेटमधला स्वस्त रिले लावा, म्हणजे तो गेला तर दोन मिनिटांत बदलता येतो.

ट्रान्झिस्टरमध्ये पुन्हा सोर्सिंग आणि सिंकिंग असे दोन उपप्रकार आहेत. निवड करता येत असेल तर मी सोर्सिंग घेतो. त्यात आउटपुट २४ व्होल्ट देतो आणि लोडचे (म्हणजे व्हॉल्व्हचे) दुसरे टोक शून्य व्होल्टला असते. शून्य व्होल्ट अर्थ केलेला असेल आणि घासून सोललेली तार यंत्राच्या सांगाड्याला टेकली, तर फ्यूज उडतो किंवा आउटपुटचे संरक्षण काम करते, पण व्हॉल्व्ह आपोआप उघडत नाही. सिंकिंगमध्ये आउटपुट लोडचे टोक शून्याला जोडतो, त्यामुळे तीच तार सांगाड्याला टेकली की लोडचे वर्तुळ पूर्ण होते आणि पीएलसीने न सांगताच व्हॉल्व्ह उघडतो. द्रव सांडणे ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. तुमच्याकडे नोझल खाली आणणारा सिलिंडरही असेल तर तोही असाच न सांगता हलू शकतो हे लक्षात घ्या.

इनपुटच्या बाजूला हाच प्रश्न पीएनपी आणि एनपीएन या नावांनी येतो. तुमच्या जुन्या सेन्सरांवरची लेबले आजच वाचून घ्या. पीएनपी सेन्सर सक्रिय झाला की २४ व्होल्ट देतो, एनपीएन सेन्सर शून्याला जोडतो. पुष्कळ पीएलसींच्या इनपुटचा कॉमन (गटाचे सामाईक टर्मिनल) दोन्ही प्रकारे जोडता येतो, पण एका कॉमनवरचे सर्व सेन्सर एकाच जातीचे असावे लागतात. तुमच्याकडे पाच एक आणि तीन दुसरे निघाले, तर इनपुटचे दोन स्वतंत्र गट असलेला पीएलसी शोधा किंवा सरळ ते तीन सेन्सर बदला. सेन्सर बदलणे बहुधा स्वस्त पडते.

वेगाबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, पण फ्लो मीटरमुळे तो मुद्दा आपसूक येतो. समजा मीटर लिटरला १,००० पल्स देतो आणि तुम्ही ५०० मिलिलिटर दोन सेकंदांत भरता. म्हणजे दोन सेकंदांत ५०० पल्स, सेकंदाला २५०, आणि एक पल्स ४ मिलिसेकंदांची. तिचा निम्मा भाग चालू आणि निम्मा बंद, म्हणजे सिग्नल जेमतेम २ मिलिसेकंद टिकतो. साध्या इनपुटवर खडखडाट टाळण्यासाठी काही मिलिसेकंदांचा फिल्टर असतो आणि वर प्रोग्रॅमचा स्कॅन (इनपुट वाचून प्रोग्रॅम चालवण्याची एक फेरी) आणखी काही मिलिसेकंद घेतो. अशा इनपुटवर निम्म्याहून अधिक पल्स हरवतील आणि बाटली ओसंडून वाहील. उपाय महागडा नाही. लहान पीएलसींमध्येही काही ठरावीक इनपुट हायस्पीड काउंटरला जोडलेले असतात आणि ते सेकंदाला हजारो पल्स स्कॅनची वाट न पाहता मोजतात. त्यांची जागा निश्चित असते, बहुधा पहिले चार-सहा इनपुट. म्हणून वायरिंग काढताना ते फ्लो मीटरसाठी राखून ठेवा, तेथे सुरू-बंदची बटणे लावून टाकू नका. मोजणी पूर्ण होताच व्हॉल्व्ह बंद करण्याचे कामही काउंटरच्या इंटरप्टमधून (स्कॅन मध्येच थांबवून लगेच चालणाऱ्या भागातून) होत असेल तर अधिक चांगले, कारण मग बाटल्यांमधला फरक स्कॅनवर अवलंबून राहत नाही. तरीही व्हॉल्व्ह स्वतः बंद व्हायला वेळ घेतो. तेवढ्या वेळात बाटलीत पडणारी भर प्रयोगाने मोजून लक्ष्याच्या आकड्यातून वजा करावी लागते, आणि ती कोणत्याही पीएलसीने सुटत नाही.

तापमानाचे काम पीएलसीकडे द्यावे का, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. तापमानाची नोंद ठेवायची असेल किंवा वेगवेगळ्या मालासाठी वेगळे तापमान स्क्रीनवरून बदलायचे असेल, तर पीटी-१०० (तापमानाचा सेन्सर) साठीचे अॅनालॉग मॉड्यूल घ्या आणि पीआयडी (तापमान स्थिर ठेवणारे गणित) पीएलसीमध्ये चालवा. पण केवळ द्रव कोमट ठेवायचा असेल, तर माझा कल स्वतंत्र तापमान नियंत्रक लावण्याकडे आहे. पॅनेलच्या दारावर बसणारा हा छोटा नियंत्रक सेन्सर थेट वाचतो, सॉलिड स्टेट रिलेमार्फत (हलणारा भाग नसलेल्या रिलेमार्फत) हीटर चालवतो, त्यात ऑटोट्यूनिंग (नियंत्रणाचे आकडे आपोआप ठरवणे) असते आणि त्याचा अलार्म संपर्क आपण पीएलसीला देऊ शकतो. अॅनालॉग मॉड्यूलचा खर्च टळतो, एक आउटपुट मोकळा राहतो आणि ऑपरेटरला तापमान समोर दिसते. दोन्ही पद्धतींत एक यांत्रिक थर्मोस्टॅट हीटरच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये वेगळा ठेवा, कारण सॉलिड स्टेट रिले बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन चालूच राहतो.

कन्व्हेयरसाठी अॅनालॉग आउटपुटचीही गरज दिसत नाही. वेग एकदा ठरवून व्हीएफडीमध्ये बसवायचा आणि पीएलसीने फक्त चालू-बंद सांगायचे, एवढे पुरते. दोन-तीन ठरावीक वेग हवे असतील तर व्हीएफडीच्या मल्टी-स्पीड टर्मिनलांवर मोकळ्या आउटपुटांतले एक-दोन खर्च करा. पीएलसीमध्ये आरएस-४८५ पोर्ट (दोन तारांवरून संदेश पाठवणारा) असेल तर मॉडबसवरून (यंत्रांमधल्या संवादाच्या पद्धतीवरून) वेग, करंट आणि फॉल्टचा क्रमांक सगळेच मिळते. १९७९ पासूनची ही पद्धत आजही जवळजवळ प्रत्येक व्हीएफडीला समजते, म्हणून पीएलसी निवडताना हा पोर्ट असावा असे मी आग्रहाने सांगेन.

आता दुसरा प्रश्न: प्रोग्रॅम कोण उघडणार. काही कंपन्यांचे सॉफ्टवेअर मोफत उतरवता येते: डेल्टाचे लहान पीएलसी, श्नायडरचा एम२२१ आणि ऑटोमेशनडायरेक्टचा क्लिक ही त्याची उदाहरणे. सीमेन्सच्या एस७-१२०० ला लागणाऱ्या टीआयए पोर्टलचा परवाना विकत घ्यावा लागतो. जो माणूस वर्षाला वीस यंत्रे बनवतो त्याच्यावर त्या परवान्याचा भार नगण्य असतो. तुमच्यासारख्या एकाच यंत्राच्या मालकासाठी तो पीएलसीच्या किमतीशी जोडूनच पाहायला हवा. त्यात प्रोग्रॅमिंग केबल, एक्स्पान्शन, छोटी एचएमआय स्क्रीन (ऑपरेटरसाठी टच पडदा) आणि स्क्रीनचे सॉफ्टवेअर मिळवा, म्हणजे कागदावरचा स्वस्त पीएलसी पुष्कळदा महाग ठरतो. इथरनेट किंवा साधा यूएसबी पोर्ट असलेला पीएलसी घेतला तर खास केबलचा त्रास तरी वाचतो.

प्रोग्रॅमिंगच्या भाषा आयईसी ६११३१-३ या मानकात ठरवून दिलेल्या आहेत, त्यामुळे एका कंपनीचे लॅडर (रिलेच्या आकृतीसारखी प्रोग्रॅमिंगची भाषा) शिकलेला माणूस दुसऱ्या कंपनीचे वाचू शकतो. पण याचा अर्थ एका कंपनीची फाइल दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते असा नव्हे. कंपनी बदलली की प्रोग्रॅम बहुतांशी पुन्हा लिहावा लागतो. म्हणून मी एक साधी गोष्ट पाहतो: यंत्रापाशी तासाभरात पोहोचू शकेल असा माणूस कोणत्या कंपनीवर काम करतो? तो ज्या पीएलसीवर सरावलेला आहे, तो थोडा महाग असला तरी घ्यावा. असा कोणीच नसेल आणि तुम्ही स्वतःच शिकणार असाल, तर मोफत सॉफ्टवेअर, त्यातच सिम्युलेटर आणि भरपूर नमुना प्रोग्रॅम असलेली कंपनी निवडा.

काम बाहेरून करून घेणार असाल तर मूळ प्रोजेक्ट फाइल, टिपांसकट आणि पासवर्डसकट, हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. पुष्कळ लहान पीएलसींमध्ये केवळ चालणारा प्रोग्रॅम साठतो. इनपुटांची नावे आणि ओळींवरच्या टिपा संगणकावरच्या फाइलमध्ये राहतात. पीएलसीमधून परत वाचलेल्या प्रोग्रॅममध्ये मग नुसते एक्स० आणि एम१७ असे पत्ते दिसतात, आणि ‘एम१७ म्हणजे काय’ हे शोधण्यात अख्खा दिवस जातो. वाचन पासवर्डने बंद केलेले असेल तर तेवढेही दिसत नाही.

आर्डुइनोबद्दल. साध्या आर्डुइनोचा प्रोसेसर तुमच्या तर्काला सहज पुरेल, त्यात शंका नाही. अडचण त्याच्या अवतीभवती आहे. त्याचे इनपुट ५ व्होल्टचे असतात, २४ व्होल्टचे नव्हे. ऑप्टोकप्लरचे पृथक्करण (प्रकाशाने सिग्नल पलीकडे देऊन विद्युत संबंध तोडणे) नसते. शेजारी व्हीएफडी आणि कॉन्टॅक्टर असले की त्यांचा विद्युत गोंगाट सरळ आत शिरतो. हे सारे बाहेरून जोडता येते, पण जोडून झाल्यावर खर्च पीएलसीच्या जवळपास जातो आणि देखभाल ज्याने बनवले त्याच्यावरच अडकते. पॅनेलमधल्या रेलवर बसणारा आर्डुइनो ऑप्टा यातल्या पुष्कळ अडचणी सोडवतो. पण त्यावर ८ इनपुट आणि ४ रिले आउटपुट आहेत, म्हणजे तुमच्या मोजणीत तो एकटा बसत नाही. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेची नक्कल म्हणून उघडे बोर्ड फार स्वस्तात मिळतात. लॅडर शिकण्यासाठी ते झकास आहेत. उत्पादनाच्या यंत्रात मी ते लावत नाही, कारण आत कोणते पृथक्करण आणि कोणते घटक वापरले याचा भरवसा एका खेपेतून दुसऱ्या खेपेत राहत नाही.

सुरक्षिततेचा विषय थोडक्यात पण ठामपणे सांगतो. इमर्जन्सी स्टॉप साध्या पीएलसीच्या इनपुटला देऊन प्रोग्रॅमने यंत्र थांबवणे चालणार नाही. ते बटण सेफ्टी रिलेला जोडा आणि त्या रिलेच्या संपर्कांतून व्हॉल्व्हांचा २४ व्होल्ट पुरवठा तोडा. व्हीएफडीवर सेफ टॉर्क ऑफचे (मोटरची ताकद सुरक्षितपणे तोडणारे) टर्मिनल असेल तर तेही त्याच रिलेवर घ्या. पुरवठा तुटल्यावर तुमचा नोझलचा सिलिंडर कोणत्या बाजूला जातो हे आधी पाहा. तो वरच जायला हवा, किंवा आहे तेथे धरून राहायला हवा. पीएलसीला फक्त एक संपर्क कळवतो की थांबवले आहे. यातूनच निवडीचा एक बारीक मुद्दा निघतो: आउटपुटचे कॉमन किमान दोन वेगळे असावेत, म्हणजे व्हॉल्व्हांचा गट मरतो पण लाल दिवा आणि बझर चालू राहतात. साधे बंदचे बटणही एनसी (न दाबता जोडलेल्या) संपर्काचे घ्या, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबेल. नवशिक्यांचा गोंधळ येथे होतो, कारण अशा बटणाचा लॅडरमधला संपर्क उघडा (एनओ) काढावा लागतो. बटण न दाबता इनपुट चालूच असतो.

पॉवर सप्लायबद्दल एवढेच की पीएलसीमधून २४ व्होल्ट पुरवठा मिळत असला तरी तो बहुधा काहीशे मिलिअँपिअरचाच असतो आणि तो सेन्सरांपुरता आहे. तुमचे पाच व्हॉल्व्ह एकत्र चालू झाले तर १ अँपिअरहून थोडे अधिक घेतील. त्यामुळे २.५ अँपिअरचा वेगळा एसएमपीएस (२४ व्होल्टचा पॉवर सप्लाय) लावा. वीज गेल्यावर बाटल्यांची मोजणी आणि भरण्याचे प्रमाण टिकून राहायला हवे असेल, तर कोणती रजिस्टर (आकडे साठवण्याच्या जागा) वीज नसताना टिकतात हेही मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

तेव्हा तुमच्यासाठी निवड अशी दिसते: २४ इनपुट आणि १६ ट्रान्झिस्टर आउटपुट, शक्यतो सोर्सिंग, किमान एक हायस्पीड काउंटर, आरएस-४८५ पोर्ट, आउटपुटचे वेगळे कॉमन आणि मोफत सॉफ्टवेअर. या चौकटीत श्नायडरच्या एम२२१ चे ४० पॉइंटचे ट्रान्झिस्टर मॉडेल किंवा डेल्टाच्या डीव्हीपी मालिकेतले ४० पॉइंटचे मॉडेल मी पहिल्यांदा पाहीन. तुमचा जवळचा तंत्रज्ञ सीमेन्सवर सरावलेला असेल तर १२१४सी आणि एक एक्स्पान्शन, परवाना त्याचा. सीमेन्सचा ‘लोगो’ नावाचा स्मार्ट रिलेही (अगदी लहान पीएलसी) विस्तार करून २४ इनपुट आणि २० आउटपुटपर्यंत जातो. फ्लो मीटरचा विचार सोडून वेळेवरच भरायचे ठरवले तर तो विचारात घेण्यासारखा आहे. मात्र तीन-चार वेगवेगळ्या बाटल्यांच्या मापांचे संच, आकडेमोड आणि मॉडबस असे काम वाढत गेले की तो अपुरा पडू लागतो.

मॉडेल क्रमांक पक्का करण्यापूर्वी सेन्सरांची जात, प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॉइलवर लिहिलेले व्होल्टेज आणि वॅट, आणि फ्लो मीटर लिटरला किती पल्स देतो, ही माहिती येथे लिहा. व्हॉल्व्ह २३० व्होल्ट एसीचे निघाले तर आउटपुटबद्दल वर लिहिलेला भाग बदलेल आणि त्यांच्या कॉइल २४ व्होल्टच्या करून घ्याव्यात की मध्ये रिले घालावेत, हे आपल्याला नव्याने पाहावे लागेल.